नूरभाईची भट्टी

५ जानेवारी २०२५, रविवार

आज परत शहागंजला नूरभाईकडं गेलो. परत तेच! त्याची बायको सगीराभाभी दारातच. "सांडूभाई, बुरा मत मानो. वो किसी से मिलते नै." आतून खोकल्याचा आवाज आला. म्हणजे नूरभाई जागा होता. संत्र्यांची पिशवी भाभीच्या हातात दिली आन् जिना उतरलो.

७ जानेवारी

झोप नाय. डोळे मिटले की तीच आग.

वाळूजच्या कंपनीत मी आन् नूरमोहम्मद एकाच वर्षी लागलो. गिअर भट्टीत लालभडक तापवायचे, तेलात बुडवायचे. वरून कडक होतात, आतून चिवट राहतात. एवढंच काम, पण जवानी त्यातच गेली. दिवाळीच्या आधी गिअरांची टोपली तेलाच्या टाकीत सोडणारी लिफ्ट अडकली. लाल टोपली अर्धी तेलात, अर्धी वर — आन् तेल पेटलं! सगळे पळाले. मीपण. नूरभाई एकटा लांब सळई घेऊन पुढं गेला, टोपली खाली दाबली. आग बसली. शेड वाचली. पण त्याचं तोंड—

नाय लिहवत.

८ जानेवारी

डबा एकट्यानं खाल्ला. घरी तर माझी बायको भामा वारल्यापासून एकटाच. बोलायला एक नूरभाईच होता.

१३ जानेवारी

सुपरवायझर बद्रीनाथ साहेबांनी बाजूला घेतलं. "उद्या चौकशीला अधिकारी येतोय. नूरमोहम्मदनं घाई केली, एवढंच सांग."

"साहेब, लिफ्ट अडकती हे आमी तुमालाच सांगितलं होतं."

"सांडू, रिटायरमेंटला आलाय तू. कशाला नाटकं?"

गारखेड्याला घरी येईस्तोवर तेच डोक्यात. भामाला विचारलं असतं. ती काय म्हणली असती ते मला माहीतच हाय म्हणा.

१४ जानेवारी

सांगितलं! अधिकाऱ्यानं विचारलं, "लिफ्टची तक्रार आधी केली होती?" म्हणलं, "व्हय. आमी दोघांनी. बद्रीनाथ साहेबांकडं." आवाज नाय थरथरला. साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

आज नामविस्तार दिन. संध्याकाळी विद्यापीठ गेटला जाऊन आलो. दरसाली भामा संगट असायची. लई गर्दी. ओळखीचं कुणी दिसलं नाय.

१५ जानेवारी

कंपनीत तिळगूळ वाटला. डबा माझ्यापुढून तसाच पुढं गेला.

१६ जानेवारी

भट्टीवरून काढलं. गोदामात टाकलं. लई थंड हाय तिथं. दिवसभर एक शब्द कुणी बोललं नाय. साहेबांची भीती असंल. असू दे.

नूरभाईला तर काय माहीतपण नसंल.

१८ जानेवारी

क्रांती चौकात याह्या भेटला, नूरभाईचा थोरला. "चाचा, कंपनी में आपने जो बोला, अब्बू को सब बता दिया."

"मग? काय म्हणले?"

"दीवार की तरफ मुँह करके लेट गए."

उगाच सांगितलं पोरानं. जखम परत उकरली त्याची. आता शहागंजला जायचं नाय. नको असंल तर नको.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी दार वाजलं. नूरभाई! तोंडावर रुमाल नाय, काय नाय. एक डोळा बारीक झालेला, गाल ओढल्यासारखा. मी दार धरून उभा.

म्हणला, "बघ. नीट बघून घे एकदा. मग बाजूला सरक, आत येऊ दे."