दहावा खांब

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. सोनाराची लेक शेवटी सोन्यातच पडली; फक्त इथे भट्टी नाही. हवा काढलेल्या पेटीत सोनं दडलेला वायू सोडायचा आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत रोखायचा. झोत पडेल तिथे केसाहून हजारपट बारीक खांब उगवतो. त्यातली काजळी पाण्याच्या वाफेने काढली की उरतं ते बावनकशी!

एक सांगते, हसू नका. यंत्राला मी नऊ खांब सांगते आणि महिनाभर दहा उगवताहेत. दहावा किंचित डावीकडे कललेला. तुम्ही प्रत्येक दागिन्यात एक जास्तीचा मणी कलता बसवता आणि "ही माझी सही" म्हणता ना, अगदी तसा. साहेब म्हणाले, "दोष आहे, दुरुस्त करून घे." माझा हातच धजला नाही.

तुमच्या हातांचा कंप कसा आहे? विचारलं की आई विषय बदलते.

आज सकाळी मात्र नऊच उगवले. यंत्राला कोणीही हात लावलेला नाही.

फोन करायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र. उत्तर दोन ओळींचं चालेल, पण तुमच्याच अक्षरात हवं.

तुमची धाकटी