पिठोरीचं ताट

श्रावण अमावस्या, संध्याकाळ. इथल्या उत्तरेकडच्या लोकांचा मात्र भादो, म्हणजे भाद्रपद.

आज पिठोरी. आईने दिवसभर उपास करून पिठाच्या चौसष्ट योगिनी केल्या. पूजा झाल्यावर खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. या वयात ताट पेलत नाही तिला, तरी.

तेवढ्यात बँकेतल्या तिवारीजींचा फोन. आज जल्दी निकल गए, ये पिठोरी क्या होता है? झालं, लागलो सांगायला. पिठाच्या देवी म्हणून पिठोरी, लेकरांच्या आयुष्यासाठी आईचं व्रत. केवढा उत्साह माझा!

"अतिथी कोण?" आईने विचारलं. मी हातानेच थांब म्हणून खूण केली. पाठ होती तिची माझ्याकडे. खूण दिसणार कशी?

"अतिथी कोण?" पुन्हा. फोन का नाही ठेवला मी? एक शब्द तर बोलायचा होता.

तिसऱ्यांदा विचारलं आणि तिनेच हळू आवाजात उत्तर दिलं, "सुधीर." मागे न बघता ताट स्वतःच खाली उतरवलं.

मी तेव्हा तिवारीजींना सांगत होतो, की आईने विचारलं की मागून लेकाने आपलं नाव सांगायचं असतं.