उगाच जळणारा दिवा

३ जून
आलो एकदाचा. तिसऱ्या मजल्यावरची खोली छोटी, पण झकास. इथे प्रत्येक दाराबाहेर दिवा, बटण मात्र घरात. सामान लागण्याआधीच कमिटीने वीज वाचवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. रिकाम्या जिन्यात दिवा दिसला की माझे हात शिवशिवतातच, आईने लावलेली खोड. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आता आमचा फ्रीजसुद्धा तुम्हाला घाबरेल.

६ जून
जिना, गच्ची, सायकलींची जागा, सगळीकडचे दिवे बंद. उरला समोरच्या शिवणवाल्या मावशींचा. भर दुपारी चालू. बेल वाजवली, दार उघडलं नाही. त्यांना ऐकू कमी येतं म्हणे. स्टुलावर चढून बल्बच काढला. भेटल्या की देईन.

९ जून
वहिनी लेकीकडून परतल्या. दाराशी भाजी निवडत मला सांगितलं, मावशी एकट्या, काही झालं तर दिवसा दिवा लावतात, आम्ही धावतो. वर बघून म्हणाल्या, दिवा नाही म्हणजे ठीक आहे.
बल्ब आणायला वळलो. पण त्यांच्यासमोर बल्ब कसा लावणार? त्या आत जाईपर्यंत थांबलो. अर्धा तास. लावताक्षणी पेटला. मग हाका मारल्या, दार फोडलं. मावशी बटणाखाली पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस तग धरला, अर्धा तास आधी कळायला हवं होतं.
वहिनी रडत विचारत होत्या, मावशींनी दिवा लावायला एवढा उशीर का केला. मी स्टूल उचलून घरात नेलं.

१२ जून
मावशींच्या घराची वीज तोडली. दिवा तरीही लागतो. वहिनींना दाखवला. त्यांना दिसला नाही. म्हणाल्या, झोपा जरा, आणि लागलं तर तुमचाही दिवा लावा, माझं लक्ष असतं. इतकी माया बघून लाज वाटली. सांगून टाकणार होतो, जीभ रेटली नाही.

१४ जून
बल्ब काढून माळ्यावर टाकला. माळ्यावर उजेड आहे.

१५ जून
बल्ब फोडायला चढलो. पडलो. कंबर गेली. आवाज फुटत नाही. सरपटत दाराशी आलो. दिवा लावला. दाराखालून उजेडाची रेघ दिसतेय. वहिनींचं दार वाजलं, आता बघतील —

बाहेर स्टूल सरकलं —

कोणीतरी बल्ब फिरवतंय. सावकाश.

रेघ गेली. बटण दाबतोय. पुन्हा. मावशी, मी सांगतो सगळ्यांना, मीच —

वहिनी खाली कोणालातरी सांगतायत, दिवा नाही म्हणजे ठीक