साच्यातला मारुती

३ एप्रिल, सकाळ
संकल्प केला. हनुमान जयंतीला गल्लीतल्या प्रत्येक घरी माझ्या हातचा प्लास्टरचा मारुती द्यायचा. साचा घरीच करायचा. नमुना बाजारातला नको. देवघरातला मातीचा मारुती घ्यायचा, सुरेखाने लग्नात माहेरून आणलेला. सुरेखा म्हणाली, जयंतीला माझी आई येऊन राह्यली, देव जागेवर पाहिजे. म्हटलं, आज आरतीलाच हजर असेल.

दुपार
यूट्यूबवाला सांगतो, मूर्तीला साबण चोपडा, साचा दोन भागांत करा. देवाला साबण? आणि मधोमध दोन भाग? भाव नसलेल्यांसाठी ते ठीक. मी तेल-शेंदूर लावला, रंगाचा डबा तळ कापून मूर्तीभोवती ठेवला आणि डोक्यावरून प्लास्टर ओतलं. एकसंध.
थोड्या वेळाने डबा गरम लागला. देव जागृत आहे. हात जोडले.

४ एप्रिल
डबा कापून काढला. साचा दगडासारखा. उत्तम. देव मात्र निघत नाही. खालून बैठक तेवढी दिसते. शेपूट आणि गदा अडकली असणार. टेन्शन घेण्यासारखं काही नाही. वाळला की सुटेल.

७ एप्रिल
वाळला. सुटला नाही. शेजारचे कडूबा हातोडी घेऊन आल्ते. म्हणाले, दोन ठोके अन् देव मोकळा. विचारलं, आधी काय फुटेल, प्लास्टर की माती? ते हातोडी घेऊन परत गेले. हसले असते तर बरं होतं.

९ एप्रिल
सुरेखा ठोकळ्यापुढे दिवा लावते. माझ्याशी बोलत नाही, ठोकळ्याशी बोलते. आज म्हणाली, यांना जरा अक्कल दे, मंग बाहेर ये.
ठोकळा उन्हात ठेवला. आता नक्की.

११ एप्रिल
बारीक तडा गेला. आनंदाने सुरी घातली. लाल मातीचा भुगा आला. सुरी काढली. तडा प्लास्टरने बुजवला. साचा आता पहिल्यापेक्षा पक्का आहे.
जेवण गेलं नाही.

१२ एप्रिल, हनुमान जयंती
सासूबाई सकाळीच आल्या. मारुती कुठंय, जावईबापू? मी ठोकळा दाखवला. त्यांनी उलटा करून बैठक ओळखली. पदराने ती पुसली. मग म्हणाल्या, सुरेखा, शेंदूर आण. ठोकळ्याला शेंदूर लावला, रुईच्या पानांचा हार घातला. म्हणाल्या, आता कुणी फोडायचा न्हाई.
दुपारपर्यंत गल्ली नारळ घेऊन येऊन गेली. कडूबाही वाकले.
म्हणजे संकल्प पार पडला. मी घरोघरी मारुती नेणार होतो, घरं मारुतीकडे आली. सासूबाईंना म्हटलं, पुढच्या खेपेला देवघरातला रांगता बाळकृष्ण घेईन. त्याला शेपूट नाही.

१३ एप्रिल
सासूबाई गेल्या. बाळकृष्ण पदरात बांधून नेला.