चॅनेल चारवरच्या तिसऱ्या हाकेबाबत

प्रति,
मा. वाहतूक व सुरक्षा अधिकारी,
श्री. शरच्चंद्र लिमये साहेब,
कर्मचारी बस विभाग, सित्रा डेपो, बहरीन.

विषय : बस क्र. १९ च्या अपघात-अहवालात माझी तिसरी हाक नोंदवून घेण्याबाबत व चॅनेल चार एक मिनिट मोकळे मिळण्याबाबत.

संदर्भ : १) गाडी चालवताना फोन अथवा वॉकीटॉकी हातात न धरण्याबाबतचे आपले परिपत्रक.
२) दि. ११ जून २०२४ च्या अपघाताचा चौकशी अहवाल.

महोदय,

मी हाशिम परकार, आपल्या डेपोत सतरा वर्षे वायरलेस ऑपरेटर आहे. आपला छापील इंग्रजी फॉर्म मी दोनदा भरायला घेतला. त्यात ड्रायव्हरची चूक लिहायला अर्धे पान आहे, हाक मारणाऱ्यासाठी एक ओळही नाही. म्हणून, आपण पुण्याचे आहात या भरवशावर, मराठीत अर्ज करण्याचे धाडस करतो. शुद्धलेखन सांभाळून घ्यावे, आम्हा कोकणातल्या लोकांना ते बेताचेच येते.

१. परिपत्रकाप्रमाणे ड्रायव्हरचा फोन डेपोत जमा होतो व गाडीत फक्त चॅनेल चारवर लावलेली वॉकीटॉकी राहते. मी दोनदा हाक मारायची आणि थांबायचे. ड्रायव्हरने गाडी कडेला घ्यायची आणि मगच सेट हातात घ्यायचा. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. मरहूम फारुख मुकादम हा मंडणगड तालुक्यातला, माझ्या शेजारच्या गावचा. आमच्याकडे दोन हाकांना ओ देत नाहीत. जे माणूस नव्हे ते दोनदाच हाक मारते, तिसऱ्यांदा मारतो तो माणूस, असे लहानपणी सांगितलेले असते. आणि तिसऱ्या हाकेलाही गप्प राहणे ही मोठी बेअदबी समजतात, त्यातून हाक वडीलधाऱ्याची असेल तर विचारूच नये. बाकीचे ड्रायव्हर फारुखला हसत. पण माझ्या दोन हाका झाल्या की तो गाडी कडेला घेई, आणि मी थांबून मारलेल्या तिसऱ्या हाकेला हाताचा ब्रेक ओढून ‘ओ, हाशिमभाई’ म्हणे. आपले परिपत्रक त्याच्याइतके कोणीच पाळले नाही.

३. ११ जूनला दुपारी एक चाळीसला माहूजच्या इमारतीखाली कामावरून सुटलेल्या सहा बायका उन्हात उभ्या होत्या, आणि त्यांचा सुपरवायझर माझ्यावर फोनमागून फोन करत होता. फारुख रिकामी बस घेऊन सनाबिसवरून येत होता. मी दोनदा हाक मारली. तो हायवेवर आहे, कडेला यायला त्याला मिनिटभर तरी लागेल, हे मला ठाऊक होते. पण मला राग आला होता. मी लगेच तिसरी हाक मारली, आणि तीही चढ्या आवाजात. साहेब, त्या हाकेला तो ओ दिल्याशिवाय राहणार नाही हे या डेपोत फक्त मला माहीत होते. त्याने ओ दिली. पुढचे काही ऐकू आले नाही.

४. चौकशीत मी दोन हाका सांगितल्या. वहीतही दोनच लिहिल्या होत्या. त्यावरून अहवालात ‘ड्रायव्हरने गाडी न थांबवता, निष्काळजीपणे सेट उचलला’ असे वाक्य आले, आणि तेच पत्राने त्याच्या आईकडे, शरीफुन्निसाबाईंकडे, गेले.

५. नव्या बसला तोच एकोणीस नंबर दिला आहे. ती आकिब चालवतो. तो इथेच जन्मलेला, इंग्रजी शाळेतला, त्यामुळे मी हाक मारली की ‘कॉपी, अंकल’ म्हणतो. पण ‘कॉपी’च्या आधी चॅनेलवर फारुखच्या आवाजात ओ येते. रोज येते, आणि हल्ली पहिल्याच हाकेला येते. सेट दोनदा तपासून घेतला, त्यात दोष नाही. आकिबला ती ऐकू येत नाही. कानांचा डॉक्टर म्हणतो की माझे कान ठीक आहेत. मला फार भीती वाटते. हाक मारल्यावाचून माझे काम होत नाही, आणि मारली की फारुख कबरीत उठून बसतो असे वाटते.

६. गेल्या आठवड्यात शरीफुन्निसाबाईंचा फोन आला. ते पत्र त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतले होते. किती हाका मारल्या होत्यास, असे त्यांनी मला विचारले. मी दोन म्हणालो. त्या म्हणाल्या, “दोन हाकांना माझा फारुख ओ देत नाय. तिसरी कोनी मारली?”

मग मी सगळे सांगितले, रोजच्या ओ सकट. त्यांनी मला शिव्याशाप दिले असते तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच म्हटले, “आजून देतो ओ? मग मला एकदा त्याला हाक मारू दे. आता कोनाला ओ देव नको, येवडाच सांगायचा हाय.”

तरी विनंती की,

(अ) अहवालात तिसरी हाक माझ्या नावाने नोंदवावी, फारुखच्या नावापुढचा ‘निष्काळजीपणे’ हा शब्द काढावा, व तसे पत्र त्याच्या आईला मराठीत पाठवावे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

(ब) येत्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, चॅनेल चार एक मिनिट मोकळे ठेवावे. त्या वेळी आपल्या सर्व गाड्या कडेला उभ्या असाव्यात. शरीफुन्निसाबाईंना फोन लावून तो मी सेटजवळ धरीन, बटण दाबीन, आणि त्यांच्या तीन हाका झाल्या की सोडीन.

(क) ओ मला एकट्यालाच ऐकू येते. त्यामुळे ‘फारुखने ओ दिली, आता बोला’ हे त्याच्या आईला मलाच सांगावे लागेल. ते मी सांगेन. परंतु त्या दिवशी ओ आलीच नाही, तर तिच्याशी मी दुसऱ्यांदा खोटे बोलावे किंवा कसे, याबाबत शुक्रवारपूर्वी लेखी आदेश व्हावेत.

आपला नम्र व कसूरवार,
हाशिम अब्दुल्ला परकार
वायरलेस ऑपरेटर, सित्रा डेपो
दि. २० ऑगस्ट २०२४

सोबत : ११ जूनच्या नोंदवहीचे मूळ पान, माझ्या हातच्या दुरुस्तीसह.