वासाची फुलं

प्रिय धाकटे,

काल कंदांचं खोकं आलं. पानगळ संपत आलीय, थंडीने जमीन आवळायच्या आत सगळं लावायला हवं, म्हणून सकाळपासून वाफ्यात वाकून कंबरडं मोडलंय. तरी हात धुतले आणि आधी तुला लिहायला बसले.

यंदाची मागणी जरा तऱ्हेवाईकच आहे. एका फुलाला म्हणे चॉकलेटचा वास येतो. एकाची पानं सशाच्या कानासारखी मऊ. नर्गिसाचे कंद तर असे, की फूल खोलीत ठेवलं तर डोकं धरावं लागेल. एक बी आहे, त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. तू विचारशील, रंग कुठले? ते मी विचारलेच नव्हते. फुलं येतील तेव्हा ती मला दिसणार नाहीत, अशी माझी खात्री झाली होती.

घाबरू नकोस, आता सगळं ठीक आहे. उन्हाळ्यापासून मी दाराच्या चौकटीला धडकत होते, डाव्या हाताचे कप लवंडत होते. माझ्या शिवणाच्या दुकानात एक नवरीमुलगी शेजारी कितीतरी वेळ उभी होती, मला पत्ताच नाही. तिला वाटलं, बाई शिष्ट आहेत. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता?" मला आई आठवली. भिंत चाचपत चालणारी, पावलांच्या आवाजावरून आपल्या दोघींना ओळखणारी. बाई म्हणाल्या, बाजूची नजर गेलीय ती परत येणार नाही. उरलेली वाचवायला ऑपरेशन करू, पण शब्द देत नाही. तुला मुद्दामच कळवलं नाही. तू धावत आली असतीस आणि दोघी गळ्यात गळा घालून रडत बसलो असतो.

मग ऑपरेशनच्या आधी मी बियाणेवालीचं माहितीपत्रक काढलं. तुझ्या भावोजींनी वाचून दाखवलं. जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस, कंदांची नावंही फलाट क्रमांक सांगावा तशीच वाचतो. "पांढरा हवा की पिवळा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुठलाही चालेल. वास येतो का तेवढं सांगा." त्यांनी पान उलटलं. मग पुन्हा वाचू लागले, पण आवाज घोषणेचा राहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात ऑपरेशननंतरची शेवटची तपासणी झाली. डोळ्यातला दाब उतरलाय. "आहे ती नजर आता टिकवता येईल. थेंब चुकवलेत तर मात्र माझ्याशी गाठ आहे," असं बाई म्हणाल्या. बाहेर येऊन सांगितलं, तर हे मटकन खाली बसले, ते नेमके कुणाच्या तरी पिशवीवर. परतीच्या रस्त्यात मी प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत होते. शेवटी हे म्हणाले, "पुरे आता, घोषणा करणं माझं काम आहे." घरी पोचल्याबरोबर बियाणेवालीला फोन लावला. म्हटलं, खोकं बांधलं नसेल तर त्यात जवळजवळ काळे ट्यूलिप घाला, आणि ती पाकळ्यांवर बुद्धिबळाचा पट असलेली फुलंही. ती बिचारी म्हणाली, "बाई, पण त्यांना वास नाही हो." मी इतकी हसले, की तिला वाटलं असेल, बाईंचं काही खरं नाही.

आता तुझ्याबद्दल. त्या दिवशी फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की चौकात एक सायकलवाला कुठून उगवला कळलंच नाही. आणि कपाटाचं दार कपाळाला लागलं, तेही. तू हसलीस, मला मात्र माझी दाराची चौकट आठवली. हे दुखणं दुखत नाही गं, ते चोरपावलांनी येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सख्ख्या बहिणीला आधी घेऊन या. लवकर सापडलं तर बहुतेकदा नुसत्या थेंबांवर भागतं. गुरुवारी सकाळी तुझं नाव सांगून ठेवलंय. औषध घातलं की थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा हात धरायला मी आहेच. कामं पडलीत, पाहुणे यायचेत, असलं काही ऐकणार नाही. आली नाहीस तर मी स्वतः येऊन तुझ्या दारात बसेन. आणि तुझं दार मला अजून चांगलं दिसतं.

तुझीच,
ताई