चामुंडीखालचा धूर

६ डिसेंबर १९९८
पुन्हा तेच. पहाटे साडेपाचला ह्यांना धाप लागली. उशांना टेकवून बसवलं, पंप दिला. श्वास सरळ झाला तो नऊला, ऊन आल्यावर. रोज असंच.
शहरातल्या अग्रहारातलं भाड्याचं घर सोडून इथे घर बांधलं ते ह्यांच्या दम्यासाठी. नंजनगूड रस्त्याची नवी वस्ती, मागे चामुंडी बेट्टाचा डोंगर, पुढे मोकळी शेतं. "इथली हवाच औषध," असं मीच म्हटलं होतं. हा पाचवा हिवाळा.

९ डिसेंबर
तुंगाचा फोन. "अम्मा, जयलक्ष्मीपुरमला आमच्या वरचा मजला रिकामा होतोय. संक्रांतीनंतर बाबांना घेऊन ये सुम्मने, मुकाट्याने. हट्ट नको." लेक-जावई मायेने बोलावतात. हे स्वतः लावलेल्या चिकूकडे बघत बसले.

१३ डिसेंबर
सहाला गच्चीवर गेले. धूर छपरांएवढा चढतो आणि तिथेच आडवा पसरतो – ताटात कढी पसरावी तसा. थंडीत जमीन गार, तिच्यावरची हवा गार, आणि वर उबदार हवेचं झाकण. पूर्वेला बेट्ट, म्हणून आमच्याकडे ऊन उशिरा. ह्या दिवसांतला वारा पूर्वेचा, तोही बेट्ट अडवतं. आम्ही वाटीच्या तळाशी! तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि जागा घेताना ह्यातलं काही आठवलं नाही.
धूर निघतो शेजारच्या विठ्ठलरावांच्या परसातून. शिंपी आहेत, घरातच चार मशिनं. आदल्या दिवसाच्या चिंध्या पहाटे पेटवतात. टेरिकॉटचा वास घशात बसतो.
उद्या जाऊन बोलणार.

१४ डिसेंबर
गेले. जरा चढ्या आवाजातच बोलले. विठ्ठलराव कात्री खाली ठेवून म्हणाले, "चिंध्या टाकू कुठं, टीचर? कचऱ्याची गाडी आठ-आठ दिवस येत नाही."
मग कुसुमबाई, त्यांची बायको, आतून आल्या. अगदी हळू – "रागावू नका, टीचर. तुमच्या न्हाणीच्या चुलीचा धूरसुद्धा आमच्या स्वयंपाकघरात येतो, अल्लवा? आम्ही कधी म्हटलं नाही."
मी तशीच घरी आले.

१५ डिसेंबर
पाचला न्हाणीची चूल पेटवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. जळण म्हणजे झावळ्या आणि नारळाची अर्धी ओली सोडणं. धुराडं भिंतीच्या वर जेमतेम हातभर. धूर निघाला, वाकला, आणि सरळ ह्यांच्या खोलीच्या झरोक्यातून आत गेला.
पाच वर्षं. ह्यांना कढत पाणी मिळावं म्हणून मी पाचला उठत होते.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पाणी मात्र छान तापायचं." आणि हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१६ डिसेंबर
चूल बंद. पाणी गॅसवर, आंघोळ दहाला.

२ जानेवारी १९९९
ह्यांचं बंद पडलेलं फिरणं आता पुन्हा सुरू, आंघोळीआधी नऊला, वाटीतली हवा हलल्यावर. आठवड्यात एकदाच पंप लागला.
आज विठ्ठलराव स्वतः आले. कपाळाला बुक्का, हातात चित्रान्नाचा डबा. एका गादीवाल्याशी बोलून आलेत, चिंध्या तो पोत्यात भरून नेणार. "पांडुरंगाच्यान, आता काडी लावणार नाही." मी माझ्या चुलीचं सांगितलं. म्हणाले, "कुसुमने तेव्हाच पाहिलं. धूर यायचा थांबला म्हणून तर डबा."

१७ जानेवारी
डॉक्टर नरसिंहमूर्तींनी छाती तपासली. दोनदा तपासली. "प्राणेशराव, काय केलंत?" हे म्हणाले, "हिला घर सोडायचं नव्हतं." धडधडीत खोटं. कुणाला सोडायचं नव्हतं ते चिकूला विचारा.
तुंगाला कळवलं, आम्ही येत नाही. 'बरं' म्हणून तिने फोन ठेवला. लागलं असावं तिला.

२८ मार्च
ऊन कडक. दुपारी धूळ उडते, पण धूर सरळ वर जातो. गल्लीत अजून सात घरी न्हाणीच्या चुली पेटतात. आता कुणाच्या छातीत काही जात नाही, म्हणून मीही कुणाला काही म्हटलं नाही. एकदा तोंडावर पडले, तेवढं पुरे.

११ जून
वारा फिरला. नैर्ऋत्येकडून, शेतांवरून थेट आत. दारं आपटतात. ह्यांचं धोतर चौथ्या घरी सापडलं. तलकाडची देवळं वाळूत बुडाली ती वाऱ्यामुळे, असं वर्गात सांगायचे. आमच्याकडे वारा झाडू मारतो.
हे बेट्टाच्या पायऱ्या वाटेतल्या नंदीपर्यंत चढून आले. "तीनदा बसलो," म्हणाले. चेहरा असा की लग्नातला फोटो आठवला.
आज काहीच नको आहे मला.

१७ जून
तुंगाचा फोन. लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्ही विचारणंही सोडलं होतं. चौथा महिना लागलाय. "बाळंतपणाला तुमच्याकडेच येते, अम्मा. तीन महिने राहीन."
डॉक्टरांनी तारीख दिलीय डिसेंबरची वीस – नेमके वाटीवर झाकण बसायचे दिवस.
ह्यांना सांगितलं. आता चपला घालून निघते. सातही घरी आजच जायचं.